विचुंब्याच्या मांडवातला रिपोर्ट

आतड्यांचं वेड कुणाला लागतं का? मला लागलं होतं. एकोणीसशे साठच्या आसपास पनवेलला माझी एका खोलीची लॅब होती आणि तीत भिंतभर बरण्या. आसपासचे सर्जन पोटातून काढलेल्या गाठी पाठवायचे. मी त्यांच्या पातळ चकत्या कापून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघायची. आपल्याकडच्या आतड्यांच्या कॅन्सरवर मला एक मोठा निबंध लिहायचा होता. नवी बरणी आली की मला सण वाटायचा. आई मात्र पाहुण्यांना 'रक्त तपासते' एवढंच सांगून विषय बदलायची.

एका उन्हाळ्यात जवळच्या विचुंबे गावातल्या एका शेतकऱ्याची गाठ आली. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली, दगडासारखी टणक. सर्जननी ती काढली आणि टाके सुकायच्या आत त्याला तोंडावर सांगून टाकलं, कॅन्सर आहे, दिवाळी काही दिसायची नाही. असा संताप आला मला! तपासणी व्हायची असताना तोंड उघडायची एवढी घाई कसली? पण शेतकरी त्यांच्याहून घायकुता. घरी जाताच त्याने मुलीचं पुढच्या वर्षी ठरलेलं लग्न त्याच महिन्यात आणलं. निदान ते तरी डोळ्यांदेखत व्हावं म्हणून.

इकडे माझी गाडी मेणात रुतलेली. चकत्या कापण्याआधी तुकडा मेणात बसवावा लागतो, आणि पनवेलच्या उन्हात मेण लोण्याएवढं मऊ. प्रत्येक चकती चुरगळायची. शेवटी मासळीबाजारातून बर्फ आणला, त्यात मेण गार केलं आणि सुरमईच्या वासात चकत्या लावलेल्या काचा एकदाच्या तयार झाल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी त्या पाहिल्या. कॅन्सरची एक पेशी दिसेना. दुसरी काच घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे क्षयाच्या थोराड पेशी, आतले ठिपके घोड्याच्या नालासारखे मांडलेले. टीबी! औषधाने बरा होणारा टीबी! निबंधातली एक केस हातची गेली आणि मी स्टुलाभोवती फुगडी घालत होते. सर्जनना आधी कळवायचा रिवाज होता. रिवाज गेला खड्ड्यात म्हटलं आणि टांगा केला.

विचुंब्याला पोचले तेव्हा दुपारची पंगत बसली होती. वऱ्हाडही आलं होतं. शेतकरी पत्रावळीवरच्या भाताकडे नुसता बघत बसला होता. मी त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं.

"म्हंजे मी मरनार नाय?"

"औषध नेमाने घेतलंत तर नाही."

तो टाक्यांवर हात धरून उभा राहिला आणि अख्ख्या मांडवाला ओरडून म्हणाला, "आयकलाव का? मना टीबी हाय! टीबी!"

सनई थांबली. त्या काळी टीबीच्या घरातली मुलगी कुणी करत नसे, आणि हा बाबा तर पेढे वाटल्यासारखा सांगत होता. नवऱ्यामुलाच्या आईने हातातला घास खाली ठेवला. दारात हळदीने पिवळी झालेली नवरी उभी होती. तिचा चेहरा बघून माझं डोकं फिरलं. मी बाकावर चढले.

"हा छातीतला नाही, आतड्यातला आहे. ऑपरेशनआधी काढलेला छातीचा फोटो मी स्वतः बघितलाय, स्वच्छ आहे. सडका तुकडा माझ्या बरणीत आहे आणि उरल्यासुरल्याला इंजेक्शनं आहेत. काय घाबरता?"

"बोलाला काय जाताय," वरमाई म्हणाली. "त्याच्या पानात जेवाल का तुमी?"

मी बाकावरून उतरले आणि त्याच्या पत्रावळीसमोर मांडी ठोकली. भातावर वालाचं बिरडं होतं. दोन घास दाखवण्यापुरते घ्यायचे होते, पण सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं आणि बिरडं तर असं झालं होतं की काय सांगू. पान चाटूनपुसून साफ झालं तेव्हा शेतकरी म्हणाला, "बाय, मना काय ठेवलाव?"

आधी वरमाई हसली, मग सगळा मांडव. तिने खाली ठेवलेला घास उचलला आणि सनईवाल्याला म्हणाली, "वाजव रं, कोन मेलाय का?" शेतकऱ्याने नवी पत्रावळ मागवली आणि त्या पंगतीत सगळ्यात शेवटी तोच उठला.

संध्याकाळी लग्न लागलं. मीही थांबले, निघवेचना. पाठवणीच्या वेळी बायकांनी रीतीप्रमाणे रडण्याचा सूर लावला. नवरी गेले कितीतरी दिवस चुलीपाशी बसून रडत होती म्हणे, आणि आता ऐन वेळी तिला हसू आवरत नव्हतं. मावशी तिला चिमटे काढत होती. "अगो रड ना! लोका काय बोलतील?"

बैलगाडीशी बाप उभा होता, एक हात टाक्यांवर, दुसऱ्या हातात तिची ट्रंक. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "कशाला रडू? बाबा हाय ना."