वारा पडल्यावर सोडलेलं विमान

जामखेडला जायचं असेल तर बेलापूरहून सकाळची पहिली एस.टी. धरा. बरोबर सहा फुटी पेटी असेल तर कंडक्टरशी भांडायची तयारीही ठेवा. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो, तीन दिवसांत परत आलो. लोक विचारतात, कसं झालं? सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरतं.

माझ्या मालकांचं पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षं खपून त्यांनी एक विमान केलं. बिनइंजिनाचं. पंखाची लांबी माझे दोन्ही हात पसरले तरी उरेल एवढी. हलक्या लाकडाच्या काड्या आणि त्यावर पातळ कागद. हातानं फेकायचं, मग ते हवेवर तरंगतं. खाली उभं राहून हातातल्या डब्याचं बटण दाबलं की बिनतारी त्याच्या शेपटीचं पान वळतं. एकदा दाबलं तर डावीकडं, दोनदा दाबलं तर उजवीकडं. पान वळवायला विमानाच्या पोटात रबर असतं, त्याला आधी पीळ भरून ठेवावा लागतो. काड्या त्यांनी कापल्या, कागद मी चिकटवला. फेकायचं काम पहिल्यापासून माझं, कारण त्यांचे दोन्ही हात डब्यात अडकलेले.

बेलापुरात आमचं विमान कधी मिनिटाच्या वर टिकलं नाही. त्याला कारण मी होते, पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

वाऱ्यातलं मला कळतं, असं मालक मानायचे. माहेरी सगळी रास मी उपणायची, म्हणजे वाऱ्यावर पाटी ओतून दाण्यातलं भूस उडवायची. उपणायला ज्या उंच तिवईवर उभं राहतात तिला आमच्यात वावडी म्हणतात. वावडीवरची बाई वारा वाहतोय तोवर पाटी ओतते. वारा एकदम पडला की हात थांबवते आणि राशीवर गोणपाट टाकायला लावते. कारण पाठोपाठ वावटळ येते आणि निवडलेल्या दाण्यात भूस कालवून जाते. हाच नियम मी विमानाला लावला. वारा वाहतोय, सोडा. वारा पडला, थांबा. मालकांनी दोन वर्षं मुकाट ऐकलं.

मग पुण्याच्या हौशी मंडळींचं पत्र आलं. जामखेडजवळच्या माळावर शर्यत आहे, ज्याचं विमान जास्त वेळ वर राहील तो पहिला. मालक त्यांचे सभासद आहेत, टपालानं झालेले. जामखेडच का, तर म्हणे रान कोरडं आहे, झाडं नाहीत, जमीन तापते आणि गरम हवा वर चढते. बहात्तरचा पाऊस गेला, माणसं खडी फोडायला लागली, आणि ह्यांना तिथलं ऊन सोयीचं वाटलं! मी म्हटलं, मी येत नाही. मालक म्हणाले, "अगं, मग फेकणार कोण?" तेव्हा मी निघाले.

पेटी बघून कंडक्टर दारातच आडवा झाला.

"मावशी, ह्यात काय हाय? मयत हाय का काय?"

"इमान हाय."

"मग उडत जावा की! एस.टी. कशाला पायजे?"

सगळी गाडी हसली. पेटीचं अर्धं तिकीट काढा म्हणाला. मी म्हटलं, काढते, मग तिला बसायला जागा दे. शेवटी पेटी टपावर न टाकता मधल्या वाटेत ठेवली आणि नगरपर्यंत उतरणारा-चढणारा प्रत्येक जण तिला गुडघा मारून गेला. टपावर मात्र टाकू देऊ नका. दोरी आवळली की पंख गेलाच म्हणून समजा.

नगरला गाडी बदलायची. स्टँडवरची मिसळ बरी होती, पाव शिळा. पुढं कडा-आष्टीवरून जामखेड. खिडकीला बसायचं तर उजव्या बाजूला बसू नका, दुपारभर ऊन अंगावर येतं. रस्त्याच्या कडेनं दर मैला-दोन मैलांवर दुष्काळी काम चाललेलं, माणसं ओळीनं बसलेली, निम्म्याहून जास्त बायका. जामखेडच्या खानावळीत मिलोची, म्हणजे त्या अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी मिळाली. मालकिणीनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि वर बजावलं, "ताई, टँकरचं हाय. पिऊन उरलं तर वतू नका, माघारी द्या." आम्ही उरवलंच नाही. तुम्ही गेलात तर आपलं पाणी आपण न्या.

दुसऱ्या दिवशी पेटी दोघांनी दोन टोकांनी धरून तीन मैल माळावर चाललो. माळ चांगला होता, ते खोटं सांगणार नाही. एका बाजूला जमीन एकदम खाली उतरते आणि खालची काळी रानं लांबवर उघडी पडतात. त्या कड्यावर तंबू होता. तंबूत टेबल, टेबलापाशी शिट्टी आणि घड्याळवाले साहेब. ह्या मंडळींचे पंच.

माझ्याकडं बघून साहेब म्हणाले, "वहिनी, आत बसा सावलीत. चहाचं जरा बघाल का?"

"मी इमान फेकायला आलेय."

"फेकणारा सभासदच लागतो. नियम आहे. आमचा माणूस फेकेल तुमचं."

त्यांचा माणूस म्हणजे काळा चष्मा घातलेला एक तरुण. त्यानं आमचं विमान कोंबडी धरावी तसं धरलं. प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीला मालकांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. वारा मस्त वाहत होता, मी मान हलवली. चष्मेवाल्यानं फेकलं आणि पाऊण मिनिटात विमान खाली. दुसऱ्या फेरीला त्यानं नाक वर करून फेकलं. विमान जागच्या जागी थांबलं आणि दगडासारखं पडलं. डाव्या पंखाचा कागद फाटला. "सॉरी हं," म्हणाला आणि चहा प्यायला गेला. दोन वर्षांचं काम होतं ते! तो पंख मोडला असता तर दुसरं लाकूड आणायची आमची ऐपत नाही. हे एकच विमान आमच्याजवळ.

कड्यावर बसून मी पंखाला कागद लावत होते. खाली दुष्काळी काम चाललेलं दिसत होतं. तेवढ्यात वारा पडला. पदरही हलेना. खालच्या बायकांनी एकदम हातोडे टाकले, भाकरीच्या फडक्यांवर पाट्या पालथ्या घातल्या, पदर तोंडावर ओढून घेतले. मी असते तर मीही हेच केलं असतं. मग त्यांच्यापलीकडं धुळीचा खांब उठला. त्याच्या वर एक घार होती. पंख न हलवता, नुसती गोल फिरत, ती चढत गेली. धूळ कुठल्या कुठं खाली राहिली तरी चढतच गेली.

माझा खळ लावलेला हात तसाच राहिला. ज्या हवेपासून आम्ही बायका जन्मभर रास झाकून ठेवतो, तीच हवा विमानाला लागते. आणि दोन वर्षं मी नेमकं त्याच वेळेला मालकांना 'थांबा' म्हणत होते.

"अहो, वारा पडला की सोडायचं."

"आं? तूच तर म्हणतेस, वारा पडला की थांबा!"

"दोन वर्षं चुकले. आता ऐका."

"अगं, ही एवढी शिकलेली मंडळी वाऱ्यात सोडतायत..."

"ह्यांच्यातल्या कुणी कधी रास उपणलीय?"

मालक गप्प झाले. मालकांचं गप्प होणं दोन तऱ्हेचं असतं, एक पटल्याचं आणि एक भ्यायल्याचं. हे पटल्याचं होतं.

तिसऱ्या फेरीला आमचं नाव पुकारलं. पुकारल्यापासून पाच मिनिटांत सोडायचं, नाहीतर फेरी गेली. चष्मेवाला विमान घ्यायला आला, मी दिलं नाही. तो ओढायला लागला तेव्हा म्हटलं, "भाऊ, हात काढ, नाहीतर ह्याच्या आधी तुला फेकीन." त्यानं हात काढला.

साहेब आले. "बाई, वारा किती सुंदर आहे! सोडायला द्या त्याच्याकडं."

"ह्या वाऱ्यात न्हाई सोडायचं."

"तुमची वेळ संपेल."

"संपू द्या."

माझ्या मागं मालक डबा धरून उभे होते. साहेब घड्याळ बघून मोठ्यानं मिनिटं सांगत होते. दोन राहिली. एक राहिलं. खुर्च्यांवरच्या पुण्याच्या बायका माना लांब करून बघायला लागल्या. मग माझा पदर फडफडायचा थांबला. गालाला गरम लागलं, चुलीचं तोंड उघडल्यासारखं. मी दोन पावलं पळाले आणि सपाट, नाक न उचलता, फेकलं.

आधी ते थोडं खाली गेलं. मग उजवा पंख उचलला गेला. मालकांनी बटण दोनदा दाबलं, विमान त्या बाजूला वळलं आणि घारीसारखं गोल फिरायला लागलं. प्रत्येक फेऱ्याला आधीच्यापेक्षा वर. चार मिनिटं झाली. त्या दिवशीचं सगळ्यात जास्त तेवढंच होतं, ते आम्ही मागं टाकलं. सात झाली. दहा झाली. साहेब मिनिटं मोठ्यानं सांगायचे बंद झाले होते, पण घड्याळ हातातच होतं. मालक बटण दाबत होते, दाबत होते, आणि एकदम म्हणाले, "हौसा, पीळ संपला." रबरातला पीळ संपला होता. आता विमान कुणाचंच ऐकणार नव्हतं. ते सरळ झालं आणि पूर्वेकडं निघालं. तिळाएवढं झालं. मग तीळही दिसेना.

"चौदा मिनिटं," चष्मेवाला म्हणाला. त्याचा चष्मा कपाळावर गेला होता.

साहेबांनी वहीत बघितलं. "फेकणारी व्यक्ती सभासद नसल्यामुळे ही फेरी बाद."

"तुमच्या घड्याळानं मोजली का न्हाई चौदा मिनिटं?"

"मोजली, पण नियम..."

"मग घड्याळालाच पहिला नंबर द्या!"

लोक हसले. मला हसू येत नव्हतं. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, की साहेब, वारा तिनं ओळखला. तेवढंच. ते हातातल्या डब्याकडं बघत उभे राहिले. हे गप्प होणं दुसऱ्या तऱ्हेचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमान शोधायला पूर्वेकडं चालत निघालो. असं चालायची वेळ आली तर खडीचं काम जिथं चाललंय तिथं विचारा. तिथली माणसं दिवसभर उघड्यावर असतात, आभाळातलं सगळं त्यांना दिसतं. दुसऱ्या कामावर एका बाईनं लांबूनच हाक मारली. चंद्रभागा तिचं नाव, माझ्याच वयाची.

"त्ये पाखरू तुमचं हाय व्हय?"

जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून तिनं ते बाभळीखाली ठेवलं होतं. उजवा पंख टोकाशी मोडला होता, बाकी धड. मी पदरानं त्यावरची धूळ पुसली.

"मुकादम म्हनत हुता, सरकारचं पाऊस पाडायचं यंत्र हाय, तहसिलात द्यायचं. मी म्हनलं, पाऊस पाडनारं असतं तर असं कोरडं पडलं असतं का?" बाया खिदळल्या. "कुनी सोडलं गं?"

"मी."

"तू! मंग नंबर आला असंल."

"न्हाई. कागदावर नाव मालकाचं. माझं न्हाई म्हनून बाद."

चंद्रभागा पदरात तोंड खुपसून हसली. "म्हंजी आमच्यावानीच म्हन की. खडी मी फोडते, हजेरीत नाव आमच्या धन्याचं. त्यो तितं बसलाय बघ, इडी वडत."

मालक पंखाची मोडकी काडी हातात घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. काडी जपून खिशात ठेवली.

जामखेडपासून नगरपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. आष्टीला त्यांनी चहा आणून दिला, तो घेतला. चहावर कशाला राग काढायचा? नगरला त्यांनी विचारलं, "रागावलीस?" मी म्हटलं, "गाडी लागली, चला."

घरी आल्यावर पंख सांधला. जाऊन काय मिळालं, असं शेजारणी विचारतात. पैसे गेले, पाय सुजले, मिलोच्या भाकरीनं पोट दुखलं. माळ बघण्यासारखा आहे, जाणार असाल तर जरूर जा. पण माझ्याजवळ राहिली ती चौदा मिनिटं, आणि त्यानंतरचं मालकांचं ते डब्याकडं बघणं. एक आठवलं की दुसरं आठवतंच.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या मंडळींचं पत्र आलं. पाकिटावर मालकांचं नाव. आपलं विमान चौदा मिनिटं वर कसं राहिलं, आपण हवा कशी ओळखली, ते आमच्या पत्रिकेसाठी सविस्तर लिहून पाठवावे. फेरी बाद, पण युक्ती पाहिजे!

मालकांनी पत्र दोनदा वाचलं. मग दुकानाच्या कोऱ्या बिलाच्या पाठीमागं लिहायला बसले. लिहून झाल्यावर माझ्यापुढं ठेवलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं. 'विमान मी सोडले नाही. हवा मी ओळखली नाही. दोन्ही माझ्या पत्नीने केले. तिचे नाव हौसाबाई. हे मी त्या दिवशी माळावर सर्वांसमोर सांगायला पाहिजे होते, ते सांगितले नाही. युक्ती पाहिजे असल्यास पत्र तिच्या नावाने पाठवावे.'

"ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"कागदावर काय, कुणीही बोलतं," मी म्हटलं. "माळावर बोलायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," ते म्हणाले.

पत्र मात्र त्यांच्याकडं परत दिलं नाही. मी स्वतः पोस्टापर्यंत चालत गेले आणि टपालपेटीत टाकलं.