निगेटिव्हवरचा डाग

पेन्सिलकाकांच्या स्टुडिओत माणूस शिरायचा चाळिशीचा आणि फोटोत निघायचा तिशीचा. तेव्हा फोटो काढणं सोपं होतं, गोड करणं अवघड. काका निगेटिव्ह उजेडाच्या चौकटीवर ठेवत, डोळ्याला भिंग लावत आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं देवीचे व्रण, तीळ, सुरकुत्या अशा बेमालूम भरून टाकत की गिऱ्हाईक स्वतःवरच खूश होई. एकदा मुलीकडची मंडळी लग्नानंतर तक्रार घेऊन आली, जावई फोटोतल्यासारखा नाही म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "मी फोटोची हमी देतो, जावयाची नाही." काय दिवस होते ते.

वर्षातून एक फोटो घरचा असे. दुकान सुरू झालं त्या तारखेला काकू हात पुसत यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि म्हणायच्या, "लवकर आटपा, गॅसवर दूध आहे." तो फोटो काचेच्या कपाटात लागायचा. चेहऱ्याला काय लावता, असं बायका काकूंना विचारायच्या. काकू काकांकडे बोट दाखवायच्या.

काकूंच्या डाव्या गालावर, नाकाशेजारी, एक खरखरीत ठिपका होता. त्यावर कधी खपली धरायची, कधी रक्त यायचं. नख लागलं असेल, एवढ्यावर विषय संपायचा. एका वर्षी मात्र खपली सुकायचं नाव घेईना, तेव्हा लेकीनं दोघांना जवळजवळ ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं.

चेहऱ्याच्या गाठी काढणाऱ्या डॉक्टरबाई अख्ख्या जिल्ह्यात एकट्या. बाहेर बाकांवर अर्धेअधिक लोक तोंडाला फडकं धरून बसलेले, बहुतेक उशिरा आलेले. बाईंनी काकूंच्या गालाचा लहानसा तुकडा काढून बाटलीत टाकला.

"मला हा कॅन्सर वाटतोय," त्या म्हणाल्या. "तुकडा मोठ्या शहरात जाईल, रिपोर्टला सहा आठवडे. भूल देणारे डॉक्टर इथं महिन्यातून एकदा येतात आणि यादीत अकरा जण आहेत. गाठ सावकाश वाढत असेल तर थांबता येईल. भराभर वाढत असेल तर डोळ्यापर्यंत जायच्या आत काढायला हवी. कधीपासून आहे?"

"या उन्हाळ्यापासून," काकू म्हणाल्या.

"छे, बरीच वर्षं झाली," काका म्हणाले.

"मग पूर्वी हाताला कशी लागायची? मऊ, की अशीच कडक?"

त्या ठिपक्याचा घेर काकांना ठाऊक होता, कडा ठाऊक होती. बोट मात्र एकदाही लावलं नव्हतं.

"जुने फोटो आहेत?"

"ढीगभर," लेक म्हणाली. "बाबा फोटोवालेच आहेत."

दुसऱ्या दिवशी आठ वर्षांचे आठ फोटो टेबलावर मांडले गेले. आठही फोटोंत गाल लोण्यासारखा. बाई गोंधळल्या. "यात तर काहीच नाही."

"मी पुसलंय," काका म्हणाले. त्यांची मान वर होईना. "दर वर्षी. माझ्याच हातानं."

काकूंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. मग आठही फोटो पालथे घातले.

पण निगेटिव्ह जपून ठेवलेल्या होत्या, एकेक पाकिटात, वर्ष घालून. पेन्सिल धरावी म्हणून त्यांवर लावलेलं रोगण टर्पेंटाइननं निघतं. त्या दुपारी काका कापसाचा बोळा घेऊन बसले आणि आपलीच कारागिरी पुसत गेले.

एक्स-रे बघायच्या दिव्यावर बाईंनी आठ निगेटिव्ह ओळीनं लावल्या. पहिली सहा वर्षं ठिपका मसुरीएवढा, होता तिथेच. शेवटच्या दोन वर्षांत दुप्पट, आणि वर, डोळ्याच्या दिशेनं. बाईंनी यादी मागवून काकूंचं नाव बाराव्या जागेवरून दुसऱ्या जागेवर घेतलं.

ऑपरेशन झालं, डोळा वाचला. रिपोर्ट नंतर आला: कॅन्सरच होता, पण सगळा निघाला होता. गालावर डोळ्याखालून ओठापर्यंत व्रण राहिला. पुढच्या फोटोच्या वेळी काकू म्हणाल्या, "एवढा व्रण तेवढा झाका."

"नाही. डॉक्टरबाईंना दाखवायचाय."

"मारणारं होतं ते पुसत बसलात, आणि वाचल्याची खूण तेवढी ठेवताय."

काकांनी पेन्सिल उचलली नाही. दर वर्षी पेन्सिल न लागलेली निगेटिव्ह दवाखान्यात जायची, बाई दिव्यावर धरायच्या आणि "ठीक आहे" म्हणायच्या. त्या दोन शब्दांवर घर वर्षभर चालायचं.

दहाव्या वर्षी बाई म्हणाल्या, "आता नाही आलात तरी चालेल."

घरी येताच काकूंनी पेन्सिलींचा डबा काकांसमोर ठेवला. "आता तरी हौस पुरवा माझी."

काकांनी हसत टोक काढलं, भिंग लावलं, निगेटिव्ह चौकटीवर सरकवली. पुढे घेतली, मागे घेतली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

"अगं, कुठून कुठपर्यंत आहे? मला दिसतच नाही."

काकूंनी त्यांच्या हातातून पेन्सिल काढून ठेवली. त्यांचं बोट धरून आपल्या डोळ्याखाली टेकवलं आणि हळूहळू ओठापर्यंत नेलं.

"इथून इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "असू दे आता."

काकांनी बोट काढलं नाही. गॅसवरचं दूध त्या दिवशी उतू गेलं.