करवंटीची कपची

आमचं येणं देवीला नको असेल तर तिने तसं स्पष्ट सांगावं, असं त्या दसऱ्याला मी मनातल्या मनात चक्क भांडून म्हणाले. बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी गावच्या देवीला नवस बोलला होता, बरा झालो की स्वतः येऊन तुझ्या पायांवर नारळ ठेवीन. नवस त्यांचा, विश्वासही त्यांचाच. मी आपली ड्रायव्हर. बसचे धक्के त्यांना सोसणार नव्हते, म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या गाडीने घाट उतरून कोकणात न्यायचा शब्द मी दिला होता. आणि मी एकदा शब्द दिला की मागे फिरत नाही, हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे.

दसऱ्याच्या सकाळी लालबागच्या आमच्या चाळीखाली गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. शेजारच्या मालतीकाकूंनी दरवर्षीप्रमाणे पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. काकू नारळ फोडतात ते कुणावरचा तरी जुना राग काढल्यासारखं. करवंटीच्या चिरफळ्या उडाल्या. नंतर गाडी गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणताना चाकातून खरखर येऊ लागली. एक कपची चाकाच्या फटीतून आत शिरून ब्रेकच्या डिस्कमागे जाऊन बसली होती. "अगो, करवंटीच ती, जाईल झिजून," काकू म्हणाल्या. मला ते काही पटेना.

ओळखीच्या गॅरेजात गेले, तर सगळे पाने हळदकुंकू लावून फुलांखाली निजलेले. "ताई, आज हत्यार नाय उचलत आम्ही. उद्या दुपारी या ना." घरीही तेच. बाबा गिरणीत फिटर होते; त्यांची हत्यारं पाटावर मांडलेली होती. चाक उघडायला मला त्यांनीच शिकवलं, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही हा नियमही त्यांचाच. मी पाटासमोर उभी राहिले. देव मानत नाही म्हणणारीचा हात पुढे होईना, याचं माझं मलाच नवल वाटलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "उचल गो. हत्यार कामाक लागला तर देवीक राग कित्याक येतलो?" मी हात जोडले आणि पाना उचलला.

चाक काढलं. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला, कारण त्याच्या नळीवर भार आलेला बाबांना खपत नाही. डिस्क गंजाने घट्ट चिकटली होती. लाकडी हातोड्याने गोल फिरत ठोकत राहिले. घामाने डोळे चुरचुरले, दोनदा बोटं सोलवटली, तरी सोडलं नाही. शेवटी ती सुटली आणि कपची टपकन खाली पडली. मी डिस्क उलटी केली. बाहेरून कधीच दिसत नाही त्या बाजूला, पार कडेपर्यंत तडा गेला होता.

अशी डिस्क उतारावर फुटली की ब्रेक लागतच नाही. हीच गाडी उद्या घाट उतरणार होती आणि शेजारी बाबा बसणार होते. ती कपची मुठीत धरून मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

रडून झाल्यावर उठले, कारण जायचं तर होतंच. परळच्या बाजूला सुट्या भागांची दुकानं एकामागून एक बंद मिळाली. एकाचं शटर अर्ध्यावर होतं; एक वयस्क गृहस्थ पूजा आटोपून निघत होते. आज विक्री नाही, म्हणाले. मी फुटकी डिस्क पुढे केली आणि बाबांच्या नवसाचं सांगितलं. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं. मग आत जाऊन देवीच्या तसबिरीपुढे मांडलेल्या खोक्यावरचं फूल उचलून बाजूला ठेवलं. खोक्यात नव्या डिस्कची जोडी होती, आमच्याच गाडीला बसणारी. "सकाळी हाताला आलं ते खोकं पूजेला ठेवलं," ते म्हणाले. "घेऊन जा. माझाही नमस्कार सांगा तिला." वर ब्रेकचे नवे पॅडही दिले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंच्या डिस्क बदलल्या. नव्या डिस्कवरचं तेल पुसून काढलं, तेवढ्यात काकू नव्या वस्तूला लावायला कुंकू घेऊन आल्या. खाली येऊन बसलेल्या बाबांनी हात आडवा घातला. "वैनी, ब्रेकाक नको. माज्या कपाळाक लावा." कितीतरी महिन्यांनी ते असे हसले.

दुसऱ्या दिवशी घाटात प्रत्येक वळणावर गाडी सांगितल्यासारखी थांबली. देवळात बाबांनी स्वतःच्या हाताने नारळ ठेवला. मी त्याच्या शेजारी ती कपची ठेवली, अनोळखी गृहस्थांचा नमस्कार सांगितला, आणि माझ्यासाठी काही मागायचं मला सुचलंच नाही. नुसतं भरून आलं.

याला योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मीही त्यांच्यातलीच होते. ज्या अडथळ्याच्या नावाने मी बोटं मोडली, त्यानेच माझ्या बाबांना सुखरूप परत आणलं, एवढं मला कळतं. आता दर दसऱ्याला आधी चाकं उघडते, डिस्क दोन्ही बाजूंनी पाहते, मग पाने पुसून पाटावर मांडते. माझ्याने होतं तेवढं करते आणि उरलेलं तिच्यावर सोडते. नारळ अजून काकूच फोडतात, चाकाच्या अगदी जवळ. मी त्यांना जरा लांब सरका म्हणत नाही.