दिवस जायच्या आधी

करावे गावात भाविकाचं पोट हा सगळ्यांचा विषय. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच पडलं. सासू धोंडूबाई मासळी विकता विकता गिऱ्हाइकालाही सांगायची, "सुनेचं पोट धरत नाय, बाय."

पोराच्या अंगावरची काळी भुकटी मात्र तिला कधी दिसली नाही. भाविकाचा नवरा निकेश पावणे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो. त्याच कपड्यांत घरी, त्याच हाताने भाकरी. कपडे धुणार भाविका, घरातल्याच टबात.

शेवटी शेजारीण म्हणून दोघांना मीच ओढून सीवूड्सच्या डॉक्टरणीकडे नेलं. बाई स्पष्ट बोलल्या. शिसं रक्तात उतरतं, पुरुषाच्या बीजालाही बाधू शकतं. आणि बाईला दिवस गेल्याचं कळेपर्यंत गर्भाची बरीच घडण होऊन गेलेली असते. म्हणून सांभाळायचं ते आधी, काही महिने, दोघांनीही. याचं रक्त तपासा, याला भट्टीपासून लांब ठेवा. हिच्या अंगात रक्त नाही, हिला खाऊ घाला.

बाहेर येऊन निकेशने बाही वर केली. "ताई, मी आजारी दिसतो? दंड बघा."

"दंडातनं पोरं निघतात काय रे?"

त्याने रक्त दिलंच नाही. धोंडूबाईने तर सुनेला एकवीरेच्या नावाने मंगळवारचे निर्जळी उपास धरायला लावले. जिला खाऊ घाला म्हटलं, तिलाच उपाशी ठेवली!

तिसऱ्यांदा दिवस गेले आणि घर खडबडून जागं झालं. उपास बंद, पपई बंद, रोज खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण. निकेशनेही तेव्हा कुठे भट्टी सोडली आणि गल्लीभर मिरवला, "पोरासाठी सोडली!"

माझं डोकंच फिरलं. "गाढवा, लगीन लागल्यावर मांडव घालतोस?"

तेही पडलं.

"पोरानं कामपन सोडलं हिच्यापायी," धोंडूबाई दारात बसून म्हणाली. "खोट हिच्यातच हाय."

आठवड्याभरात निकेश पुन्हा भट्टीवर.

भाविका रडली नाही. त्याचे कपडे टबातून उचलून तिने बाहेर अंगणात भिरकावले. "पयलं रक्त तपासून ये. भट्टी सोड, ती दिवस जायच्या आधी. तवर मी आईंच्या बाजूला निजनार."

तशीच निजते. धोंडूबाई रोज देवीपुढे नातू मागते आणि त्याच सुनेशेजारी कूस बदलत पडते. निकेशने अजून रक्त दिलेलं नाही.