दिवाळसणाची जीन्स

जावयाला दिवाळसणात जीन्स द्यायची, हे मुलीनेच ठरवलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि कपडे द्यायचे, ही आमच्याकडची पद्धत. कपडे म्हणजे पँटपीस आणि शर्टपीस. तारकर्लीच्या रस्त्याला माझं शिवणाचं दुकान आहे, तेव्हा चांगलं कापड आणून मीच शिवीन असं मी गृहीत धरलं होतं.

"आई, तुझी पँट तो कपाटात ठेवतलो," मुलगी म्हणाली. "घालूचो नाय."

हे खरं होतं. त्यात माझ्या शिवणीला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही.

नवरात्राच्या आधी ती पुण्याहून एकटीच घरी आली, तेव्हा जीन्स घेऊन आली. फोनवरून मागवली होती. नवऱ्याला दिसू नये म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर घेतली होती. किंमत मी विचारली. तिने सांगितली नाही. "तुमच्या दोघांच्या नावान तूच दी," एवढंच म्हणाली.

तिला माझ्याकडून दोन कामं हवी होती. एक, जीन्स लांबीला चार बोटं जास्त होती, ती खाली पायाच्या मोहरीला कापून द्यायची. दुसरं, कापायच्या आधी माल खरा आहे की नाही ते बघायचं. एकदा कात्री लागली की कंपनी परत घेत नाही. धुतली तरी नाही, लेबल काढलं तरी नाही. मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत होती.

"त्याका जीन्समधला सगळा कळता," ती म्हणाली. "मित्रांशी तासनतास तेच बोलत बसता. नकली असली तर तो काय बोलूचो नाय. घालतलो, हसतलो. पण माका कळतला."

"मग त्याकाच विचार."

"दिवाळसणाची वस्तू त्याका विचारू? तू बघ. तुका कापड कळता."

कापड मला कळतं. दुकानात येणाऱ्या बायका रेशीम म्हणून जे आणतात ते रेशीम नाही, हे मी पिशवीतून बाहेर काढतानाच सांगते. म्हणून मी म्हटलं, आत्ता सांगते. चष्मा लावला, दिवा ओढून घेतला आणि जीन्स मशीनवर पसरली.

आधी हाताला लागलं ते म्हणजे कापड ताडपत्रीसारखं कडक. पाय दुमडला तर दुमडलेलाच राहिला. अंगठ्याने चोळलं तर अंगठा निळा झाला. रंग सोडणारं कापड माझ्या दुकानात आलं की मी गिऱ्हाइकाला परत पाठवते. मग उजेडाकडे धरून बघितलं. धागा एकसारखा नव्हता, मध्येच जाड, मध्येच बारीक, जशी पहिल्यांदा सूत काढायला बसलेल्याची गत होते तशी. मग पाय उभा धरला. बाजूची शिलाई कमरेपासून सरळ निघाली आणि गुडघ्याखाली हळूहळू पुढे सरकत आली. पाय पिळत होता. कापड आडवंतिडवं ठेवून कापलं की असं होतं. शिकाऊ मुलींचं हे मी उसवून परत शिवायला लावते.

"परत धाड," मी म्हटलं.

मुलीचा चेहरा पडला. "पण कंपनीन लिवल्यान, असाच असता म्हणून."

"कंपनी काय म्हणतली? वाकडी शिवली म्हणून सांगतली?"

मग मी ती उलटी केली. आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा सुबक होती. दोन पायांच्या मधली शिलाई एकात एक दुमडून बसवलेली, एकही दोरा मोकळा नाही. टाके बारीक आणि सारखे, इतक्या जाड कापडात सुई कुठेही घसरलेली नाही. काजं घट्ट भरलेली. खिशाचं अस्तर जाड, सुती, कडा झाकून शिवलेलं. मागच्या खिशाच्या कोपऱ्यांत तांब्याची टिकली ठोकलेली होती, आणि ती बाहेरून दिसत नव्हती. जे दिसणार नाही त्यावर कोणी खर्च करतं का? पण ज्याने हे केलं त्यालाच कापड सरळ लावता आलं नाही, हेही पटेना.

बाजूच्या शिवणीच्या आत कडा बांधणारं इंटरलॉक नव्हतं. कापडाचा मूळ काठच ठेवला होता, पांढरा, त्यात एक लाल दोरा. काठ ठेवून शिवणं हा कापड वाचवण्याचा प्रकार मी समजत होते. आणि मोहरीला साखळीचा टाका. तो टाका पोत्याला असतो. एक टोक धरून ओढलं की सगळा सुटतो.

मुलगी पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "तू ठरव. मी तुझ्यार सोडलंय." असं सोडलेलं मला आवडत नाही, पण आता सोडलं होतं.

नंतरचे दिवस ती जीन्स दुकानात खुंटीवर राहिली आणि मी ब्लाउज शिवता शिवता तिच्याकडे बघत राहिले. सकाळी वाटायचं खरी, जेवून आले की वाटायचं फसवलं. दुकानात पर्यटकांच्या जीन्स नेहमी येतात, कुणाची मोहरी, कुणाची चेन. मी त्या सगळ्या आता उलट्या करून बघू लागले. त्या सरळ होत्या, मऊ होत्या, रंग सोडत नव्हत्या. शिवण मात्र हलकी. म्हणजे चांगलं कापड आणि वाईट शिवण सगळ्यांकडे होती, आणि वाईट कापड आणि चांगली शिवण एकट्या आमच्याकडे.

शेजारच्या लॉजवर उतरलेला एक मुंबईचा मुलगा बॅगेचा पट्टा शिवायला आला. खुंटीवर बघून म्हणाला, "अरे वा, ही कोणाची?" मला बरं वाटलं. मी जीन्स काढून त्याच्या हातात दिली. त्याने पहिल्यांदा मोहरी उलटली.

"हा लाल दोरा बघा काकी. जुन्या अरुंद मागावरचं कापड आहे, त्याची ही खूण."

"आणि पाय पिळतो तो?"

"पिळायलाच हवा. पिळला नाही तर मजा नाही."

"धागा जाडबारीक आहे."

"त्याचेच तर पैसे आहेत!"

मी म्हटलं, चला, सुटले. "म्हणजे खरी आहे."

त्याने जीन्स परत खुंटीला लावली. "तसं नाही सांगता येणार. आता नकलीवाले पण लाल दोरा घालतात. पायसुद्धा मुद्दाम पिळवतात."

"मग खरी कशी ओळखायची?"

"घालायची. एक-दोन वर्षं. मग कळतं."

पट्टा मी त्याला शिवून दिला. माझ्या दुकानात मी असं उत्तर दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लावावं लागलं असतं. साडी घ्या, दोन वर्षांनी कळेल रेशीम आहे की नाही.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं. त्याची माडांची बाग आहे. कपड्यात त्याला एवढंच कळतं की खिसा खोल हवा.

"तुमका काय वाटता?"

"कसला?"

"ती जीन्स ओ. खरी काय खोटी?"

"जड आसा," तो म्हणाला. "जड वस्तू वायट नसता." मग भाताकडे वळला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुलीला फोन केला आणि सांगितलं, परत कर. ज्याची खात्री देता येत नाही ती वस्तू मी माझ्या हाताने पाटावर देणार नाही. शिवण कितीही चांगली असली तरी कापडाचं मला उमगत नाही. ती म्हणाली, "बरा. परवा माणूस येतलो न्यायला. पिशवीत घालून ठेव." आवाजावरून कळलं की तिला दुसरं उत्तर हवं होतं. मला तरी कुठे हे हवं होतं? मी लेबल सरळ केलं, जीन्सची घडी घातली, मशीनवर ठेवली, शेजारी तिची पिशवी ठेवली आणि घरी आले.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा नवरा करतो. विहिरीच्या पंपापासून सुरुवात, मग कोयता, कुदळ, स्कूटर, विळी, आणि शेवटी दुकानात जाऊन माझी मशीन आणि कात्र्या. मी वडे तळत होते म्हणून त्याच्याबरोबर गेले नाही. दुपारी दुकानात गेले तर मशीनला झेंडूची माळ, कात्रीवर आपट्याचं पान, आणि मशीनवरच्या जीन्सच्या मागच्या खिशावर हळदीची दोन बोटं आणि मधोमध कुंकू. ओलं करून लावलेलं. चांगलं ठसठशीत.

मी तिथूनच फोन केला.

"ओ, ह्या काय केलास?"

"काय केलंय?"

"जीन्सीक हळदकुंकू लावलास!"

"मशीनर होती मा ती? मशीनर आसा ता सगळा पूजेचा."

"कपड्याक कोण लावता?"

"कोऱ्या कपड्याक लावतत नाय? तूच लावतस," तो म्हणाला. "आणि बटनां धातूची आसत तेची. मी बघलंय."

दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. कोरा कपडा अंगात घालायच्या आधी कोपऱ्याला बोट लावायचं, हे माझ्या आईने मला शिकवलं आणि मी मुलीला. परत पाठवायचा कपडा मात्र कोरा धरायचा की परका, हे कोणी शिकवलं नव्हतं.

मुलीला कळवलं. मला वाटलं रडेल. ती आधी "बाबांनी?" म्हणाली आणि मग हसत सुटली. "आता काय करूचा?"

"आता आपलीच ती," मी म्हटलं. "डाग तरी काढतंय."

हळदीला साबण लावला की ती लाल होते. उन्हात टाकली की आपोआप उडते. मी जीन्स गच्चीवर दोरीला लावली, खिसा उन्हाकडे करून. दसऱ्यानंतरचं ऊन चांगलं असतं. हळद गेली. कुंकू फिकट झालं, गेलं नाही. तेव्हा साध्या पाण्याच्या बादलीत घातली. घटकाभराने बघते तर बादली शाईची झाली होती. पाणी ओतलं त्या फरशीवर अजून निळी रेघ आहे.

वाळल्यावर ती भिंतीला टेकून स्वतःच्या पायावर उभी राहिली. माझ्या नवऱ्याने तिला नमस्कार केला. त्याला ही गंमत वाटत होती.

मोहरी कापायची म्हणून टेप लावली तर लांबी आधीपेक्षा दोन बोटांनी कमी. पुन्हा लावली. खरंच आटली होती. चार बोटं कापली असती आणि मग पुढे कधी कोणी धुतली असती तर जावई घोट्याच्या वर पँट घालून फिरला असता. आता आटणारं कापड वाईट, हे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आले. पण ते आटलं म्हणूनच मी कात्री खाली ठेवली. हे कापडाच्या बाजूने धरायचं की विरुद्ध, मला ठरवता येईना. म्हटलं, आधी त्याला घालू दे, उरलेली दोन बोटं मग बघू.

पाडव्याला दोघं आली. जावई पाटावर बसला, मी ओवाळलं, जीन्स हातात दिली. मुलगी माझ्यामागे उभी होती. तिने माझा पदर धरला होता, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसा. जावयाने घडी उघडली, उठला आणि खिडकीशी गेला. पहिल्यांदा मोहरी उलटली. मग आतली शिलाई अंगठ्याने शेवटपर्यंत चाचपली. मग मागचा खिसा.

"भिजवलीत?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं. कापायच्या आधी भिजवावीच लागते. बहुतेकांना माहीत नसतं." मग खिशावर बोट ठेवलं. "आणि हे?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "दसऱ्याचा कुंकू ता. पूजा केलंय मी."

जावयाने त्याच्याकडे बघितलं, जीन्सकडे बघितलं आणि मान डोलावली. मग आत जाऊन घालून आला. उरलेली दोन बोटं त्याने बाहेरच्या बाजूला दुमडली होती. काठ, लाल दोरा, आतली शिलाई, सगळं उलटं जगाला दिसत होतं. माझा हात सुईकडे गेला.

"दे, आतून टाका घालते."

"नको आई! हे असंच ठेवायचं असतं."

मुलीने पदर सोडला. तेवढं मला कळलं.

स्वयंपाकघरात मी तिला गाठलं. "आवडली मा त्याका?"

"आवडली."

"पण खरी आसा काय?"

"तो काय बोलूक नाय," ती म्हणाली, आणि करंज्यांचा डबा घेऊन बाहेर गेली.

तो नकलीबद्दल काही बोलणार नाही, असं तिनेच मला आधी सांगितलं होतं. हसेल, घालेल. तो हसत होता आणि घातलीही होती. पण हे हसू निराळं वाटत होतं, निदान तिला वाटलं असावं, कारण बाहेरून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि त्यात तिचा जास्त होता. जेवताना त्याने सांगितलं की ही आता वर्षभर धुवायची नाही. नवरा म्हणाला, "माका ह्या आधीच कोणी सांगूक नाय." त्यावर सगळे हसले. मीही हसले, पण वर्षभर न धुतलेली पँट कोणत्या अर्थाने उंची, ते मला तिथे बसूनही कळलं नाही.

ती दोघं गेल्यावर मी खोली आवरली. जावई ज्या खुर्चीवर बसला होता तिच्या पांढऱ्या उशीवर निळा ठसा उठला होता. लिंबू चोळलं, गेला नाही. उन्हात टाकली, गेला नाही. उशी उलटी करून ठेवली.