मातेर्न हुस्सर आणि पिकलेली बी

मातेर्न हुस्सरने लग्नसुद्धा पिकल्याशिवाय केलं नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी तो चर्चची पायरी चढला, तोवर नवरीच्या, ओदिलच्या, केसांत चांदी उतरली होती. "तिलाही आधी दाढेखाली धरून पाहिलं असेल," असं गाव म्हणायचं. हे मीच पसरवलं होतं, आता लपवून काय करू?

आमच्या गावात द्राक्षतोडणीचा दिवस हुस्सरांच्या घरातला माणूस सांगायचा. मातेर्न गळ्यात लाल पट्टा घालून उतारावरच्या वेलींच्या ओळीओळीतून फिरायचा, मणी चघळायचा, बी तळहातावर थुंकायचा आणि मग दाढेखाली धरायचा. चिकट, हिरवी लागली की "नाही." कडकन फुटली की "तोडा!" त्याआधी कुणी कात्री काढली, तर त्याच्या दारात कुजके घड येऊन पडत. माझ्याही दारात एकदा पडले होते. ते मी विसरलेलो नाही.

पुढे उन्हाळे तापत गेले. ऑक्टोबरातली तोडणी ऑगस्टअखेरीला आली. साखर धावत सुटायची, आमच्या रीसलिंग द्राक्षांचा आंबटपणा आठवड्यात उडून जायचा, आणि बी मात्र हिरवीच. बीसाठी थांबलं की वाइनचा पाक व्हायचा. लोकांनी उन्हाकडची पानं खुडणं सोडलं, सावलीच्या जाळ्या बांधल्या, पहाटेच्या गारव्यात तोडून मोकळे होऊ लागले. मातेर्नला विचारतो कोण! त्याचे डोळेही गेले. त्याच्या राज्यात उरली चर्चमागची गावकीची एक ओळ. तोडणीच्या सणाला कोल्मारहून बस भरून पाहुणे येत, बँड वाजे, आणि हा त्या ओळीपुढे उभा राहून बी चावायचा.

गेल्या वर्षी त्याने सगळ्यांसमोर "नाही" म्हटलं. पाहुणे तसेच बसमध्ये जाऊन बसले. सरपंचबाई सोलांज फणफणली, "पुढच्या खेपेला नाही म्हणाला ना, तर ही रीतच बंद. ओळ उपटून गाड्या लावायला जागा करते."

मी हे मातेर्नला पोचवलं. मी नाही तर कोण पोचवणार? तो म्हणाला, "ओरडू दे तिला. बी सांगेल तेच मी सांगणार."

यंदा चाळीस अंशांत ती ओळच भाजून मनुका झाली. सणाच्या आदल्या दिवशी सोलांज माझ्याकडे आली.

"तिबोकाका, दुकानातून ताजे घड आणा आणि वेलीला तारेने टांगा. फोटोपुरते."

"आणि म्हातारा चाखेल त्याचं काय?"

"गोड बघून आणा म्हणजे झालं."

आणले. पाकिटावर 'बिनबियांची' असं छापलेलं मी वाचलं होतं का? वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मातेर्नने मणी तोंडात टाकला. जबडा हलला, मग थांबला. त्याने तळहातावर थुंकून अंगठ्याने चाचपलं. नुसती साल. दुसरा मणी. तिसरा. मागे ट्रंपेटवाला फिसकन हसला.

"तिबो," तो हळूच म्हणाला, "बी नाही."

"नीट बघ की."

"बघायला डोळे कुठायत, गाढवा? जीभ आहे. बी नाहीच." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "उन्हाने बीसुद्धा खाल्ली रे. पार आतपर्यंत पोचलं."

'दुकानातली आहेत' एवढंच म्हणायचं होतं. पण सोलांजने मला कोपर मारलं, आणि खरं सांगायचं तर मला हसूही आवरत नव्हतं.

"हो ना काका," ती गोड आवाजात म्हणाली, "सगळ्या उतारावर असंच झालंय. आता तोडायची का नाही, सांगा."

"मी काय सांगू? बीच नाही, तर माझं इथे काय काम? तुम्हीच ठरवा." त्याने गळ्यातला पट्टा काढून तिच्या हातात दिला.

सोलांज पाहुण्यांकडे वळून ओरडली, "तोडा!" बँड सुरू झाला. एका पाहुण्याच्या कात्रीत तार अडकली. "अहो, हे तर बांधलेले आहेत!" तो बोंबलला. बँडच्या दणक्यात मातेर्नला ते ऐकू गेलं नाही.

तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही. परवा मी चीज घेऊन गेलो होतो. त्याने विचारलं, "पुढच्या वर्षी धरेल का रे बी?"

"कठीण दिसतं," मी म्हणालो.