रेणुकाबाईची काडी

माझ्या आईने, चंपाबाईने, आयुष्यात एकाच बाईचा हेवा केला, आणि ती बाई तिच्या लग्नाआधीच मेलेली होती. रेणुकाबाई, माझ्या बाबांची पहिली बायको. आमच्यात दुसरेपणावर दिलेल्या बाईला गळ्यात सवतीच्या नावाचा चांदीचा टाक घालावा लागतो, नवं लुगडं आधी तिच्यापुढे ठेवून मग नेसावं लागतं. आईने ते सगळं केलं, दातओठ खात.

इचोडा गावात बाबांचं, मारोतरावांचं, किराणा दुकान. मागच्या ओसरीत डालड्याच्या डब्यात रेणुकाबाईचा मोगरा होता. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तो वाळला. बाबांनी उरलेली एकच हिरवी काडी तोडली, पाण्याच्या बाटलीत खोचली आणि उन्हाच्या खिडकीत ठेवली. तराजू धरणाऱ्या माणसाला याहून जास्त काय कळणार? आठ दिवसांत काडीचं बूड काळं पडलं, पाण्याला वास सुटला.

आईला बरं वाटलं. हे तिने माझ्यापासून कधी लपवलं नाही. ती जैनथच्या भाजीवाल्या माळ्याची लेक. काडी सडणार हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तरी ती गप्प बसली. मी तेव्हा तिच्या पोटात होते.

पण त्या संध्याकाळी बाबा बाटली हातात घेऊन बसले आणि रडले. मागच्याच आठवड्यात आई तापाने फणफणली होती, तेव्हा या माणसाने नुसतं "दवाखान्यात जाऊन ये" म्हटलं होतं. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. काडी मेली तर रेणुकाबाई या घरात आणखी मोठी होणार, हे तिला तिथेच कळलं.

"द्या इकडं," ती म्हणाली.

"काऊन? फेकून देतं काय?"

"फेकाची असती तर मागितली असती काय मी?"

तिने सुरीचं पातं तापवून सडका भाग कापला, बरोबर डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या पेराच्या, खाली. पानं अर्धी केली. काडी ओल्या रेतीत लावली, वर दुकानातली पेपरमिटाची रिकामी बरणी पालथी घातली आणि सगळं रांजणाआड सावलीत ठेवलं. रोज एकदा बरणी उचलून ती काडीला वारा द्यायची आणि रेणुकाबाईला शिव्या. महिन्याभराने तिने काडी हळूच ओढून पाहिली. ती हलली नाही, मुळं धरली होती.

"रेणुकाचा मोगरा हाये," बाबा म्हणाले, "असा कसा मरंन?"

पुढच्या चैत्रात पहिलं फूल आलं. बाबांनी ते रेणुकाबाईच्या फोटोपुढे ठेवून हात जोडले. आई मला मांडीवर घेऊन बघत होती.

"मी मेल्यावर माह्या नावाचं काय ठेवसान घरात?" तिने विचारलं.

बाबांनी किल्ल्या उचलल्या. ते दुकान उघडायला गेले.

तिसऱ्या दिवशी दुसरं फूल उमललं. सकाळी बाबा ओसरीत गेले तर देठ रिकामा. शोधत स्वयंपाकघरात आले. आई त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती, डोक्यावरचा पदर मुद्दाम खाली घेतलेला, आणि फूल तिच्या अंबाड्यात होतं.